रॉस कुठं होता

पोर्ट केल्सोत माणसाला त्याचं वजन, त्याची मूळव्याध, त्याची बायको पर्थला नक्की कुणाबरोबर राहते, हे सगळं भर दुकानात रांगेत उभं राहून विचारता येतं. विचारायचं नाही ते एकच. समुद्रावरून आलेल्या माणसाला 'कुठं होतास' असं विचारायचं नाही. शेवंडांचे सापळे कुणी कुठं टाकलेत, ही इथली एकमेव खाजगी गोष्ट. बाप ती मुलाला मरायला टेकल्यावर सांगतो, आणि तेव्हाही दोनदा खोकून, मुलगा लायक आहे का याचा शेवटचा विचार करून. बोट धक्क्याला लागली की आपण वाऱ्याबद्दल बोलायचं. ही आमची सभ्यता. तिच्याशिवाय सभ्यता म्हणून दाखवण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नाही.

त्यामुळे माझा धाकटा भाऊ रॉस नोव्हेंबरच्या अखेरीस चार दिवस बेपत्ता झाला आणि पाचव्या दिवशी सकाळी चालत आला, तेव्हा त्याला कुणीच काही विचारलं नाही.

बोट पहिल्याच दिवशी सापडली होती. इंजिन चालू, आत कुणी नाही, आपल्याच फेसाभोवती गोल गोल फिरत. हेलिकॉप्टर आलं, दोन दिवस घिरट्या घालून गेलं. रॉसची बायको नेवेन्का चर्चमध्ये जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी पबच्या मागच्या वाळूवरून रॉस अनवाणी वर आला आणि अंगण झाडणाऱ्या बाईला म्हणाला, "गुड मॉर्निंग."

रॉसनं पंचावन्न वर्षांत कुणाला गुड मॉर्निंग म्हटलेलं नव्हतं. पण मरता मरता वाचलेला माणूस थोडा सुधारतो असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं. पोलिसानं वहीत 'पोहून आला' असं लिहिलं. किनाऱ्यापासून वीस मैल. बार्नी, आमचा सगळ्यात जुना बोटवाला, रॉसच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "वारा बरा होता म्हणायचा." रॉस म्हणाला, "बरा होता." विषय संपला.

माझा संपला नाही. मी गावी परत येण्याआधी तीस वर्षं पर्थच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या समुद्रात काय होतं ते मला फळ्यावर चित्र काढून सांगता येतं. शेवंडं कात टाकतात. लाल कवच पाठीवर उकलतं, आतलं जनावर मागच्या मागे सुटून बाहेर येतं, आणि कवच तसंच्या तसं मागे राहतं. पाय, मिशा, डोळ्यांवरचं पातळ आवरणसुद्धा. पाहिलं तर वाटावं शेवंडच बसलंय. बाहेर आलेलं जनावर फिकट, मऊ, नवं कोरं असतं. मग ती फिकट शेवंडं हजारोंनी रांगा धरून किनाऱ्याचे खडक सोडतात आणि वाळूवरून पश्चिमेला, खोल पाण्याकडे चालू लागतात. आमचे लोक त्यांना नुसतं 'पांढरे' म्हणतात आणि त्यांच्या वाटेत सापळे टाकतात. रॉस त्या पांढऱ्यांच्याच मागे गेला होता.

परत आला तो रॉस गोरा होता. पस्तीस-चाळीस वर्षांच्या उन्हानं त्याच्या तोंडाचं जुन्या चपलेसारखं कातडं झालं होतं, मानेवरचे डाग डॉक्टर दर वर्षी खरवडून काढायचा. आता डाग नाहीत, सुरकुती नाही. डॉक्टर म्हणाला, खाऱ्या पाण्याचा परिणाम. यासाठी पर्थच्या बायका काय काय फासतात. शिवाय तो भांडी घासायला लागला. नेवेन्का बोलत असली की तिच्याकडे बघायला लागला. गावातल्या दोन-तीन बायकांनी आपापल्या नवऱ्यांना सरळ सांगितलं की तुम्हीही चार दिवस जाऊन या.

मला एवढंच हवं होतं: हा रॉस आहे की नाही. असला तर मी एक संशयी म्हातारी होत चाललेय, त्यावर गोळ्या मिळतात. नसला तर माझा भाऊ अजून पाण्याखाली कुठंतरी एकटा आहे, आणि अख्ख्या गावात त्याच्यासाठी कुणी टिपूस गाळलेलं नाही. मीसुद्धा नाही.

नाताळच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी माझं बटाट्याचं सॅलड घेऊन त्यांच्या घरी गेले. पूर्वेचा वारा तेव्हाच भट्टीसारखा सुटला होता. नेवेन्का ओट्याशी उभी राहून लसूण ठेचत होती. तिचे आजी-आजोबा दूर डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून आले, आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या लसणीचा वास त्या घराच्या भिंतींत आहे.

"आणलंस का ते?" ती माझ्या वाडग्याकडे न बघता म्हणाली.

"आणलं."

"कंडेन्स्ड मिल्क घालून?"

"कंडेन्स्ड मिल्क, व्हिनेगर, मोहरीची पूड. आमची आई करायची तसंच."

"देव तिला क्षमा करो. फ्रिजमध्ये ठेव, मागच्या बाजूला. पाहुण्यांना दिसायला नको."

"पाहुणे आहेत कुठं? आपण तिघंच."

"तरीपण."

पाल्याची भाजी तिनं आधीच उकडून ठेवली होती. आता तिच्यात बटाटा जाडसर मोडायचा आणि ऑलिव्हच्या तेलात लसूण जेमतेम पिवळी करून वर ओतायची. टोमॅटो सोलून झाले होते. पांढरी वाइन उघडून तिची चव घेऊन झाली होती, दोनदा. शेवंडांचा बुझारा, म्हणजे त्यांच्याकडचा टोमॅटो-वाइनमधला रस्सा, करायचा होता, आणि त्याचा नेवेन्काच्या घरचा नियम मला वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला, हातावर चापट खाऊन कळला होता: पातेल्यात चमचा घालायचा नाही. दोन्ही कान धरून पातेलंच हलवायचं. चमच्यानं मांस तुटतं आणि घराण्याचं नाव जातं.

"शेवंडं कुठायत?" मी विचारलं.

"मागच्या ओसरीवर, टबात. बर्फाच्या पाण्यात टाकायचीत, अर्धा तास. तू आण. त्याला नको सांगू."

"का?"

"झोपलाय," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती. तो मागच्या ओसरीवर स्टुलावर बसलेला मला खिडकीतून दिसत होता.

मी बाहेर गेले. टबात पोत्याच्या ओल्या फडक्याखाली सहा शेवंडं होती, फिकट गुलाबी. मी फडकं उचललं. आमची शेवंडं पाठीवर धरून उचलली की कुरकुरतात. मिशांच्या मुळाशी घासून काढलेला तो आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा. इथल्या पोरांना तो आईच्या आवाजाआधी ओळखू येतो. मी पहिलं उचललं. ते कुरकुरलं, शेपूट आपटून त्यानं माझ्या चष्म्यावर पाणी उडवलं.

"दे इकडे," रॉस म्हणाला. "घाबरतंय ते."

त्यानं हात पुढे केला आणि ते शेवंड गप्प झालं. शेपूट सरळ. त्यानं एकेक करून सगळी उचलली, शेजारच्या बादलीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवली. एकानंही आवाज केला नाही. मधेच मी टबात उरलेल्यांकडे बघितलं. सगळ्यांच्या मिशा त्याच्याकडे वळलेल्या होत्या. तो उजवीकडे गेला की उजवीकडे, डावीकडे आला की डावीकडे.

"मेरी ख्रिसमस, ग्लेनिस," तो म्हणाला. रॉस मला ग्लेन म्हणायचा, किंवा 'ए'.

"बोट कसंय?" मी विचारलं. तो आला तेव्हापासून त्याच्या डाव्या अनामिकेला नेवेन्कानं पट्टी बांधलेली होती. ते बोट रॉसचं अर्धंच. एकोणिसाव्या वर्षी सापळ्याचा दोर ओढताना चाकात गेलं. तेव्हा बोटीवर मीच होते, तुटलेला तुकडा रुमालात घालून मीच आणला होता, आणि डॉक्टरनं तो कचऱ्यात टाकला होता.

"खाजतंय," रॉस म्हणाला, आणि अगदी सहज, लहान मूल गुडघा दाखवतं तसं, पट्टी सोडून त्यानं मला दाखवलं.

पेर आलं होतं. जुन्या जाड बोटाच्या टोकाला तान्ह्या बाळाचं असावं तसं गुलाबी, बारीक पेर, आणि त्यावर तांदळाएवढं नख.

मी आत आले. शेवंडांची बादली आत आणायची विसरले.

"नेवेन्का, त्याचं बोट."

"माहितेय."

"बोटं परत येत नाहीत. माणसांची येत नाहीत."

"ग्लेनिस, अजमोदा चीर. बारीक. देठ नको."

मी अजमोदा चिरायला घेतली. असल्या वेळी हाताला काम असलं की बरं असतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. थोड्या वेळानं ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "पहिल्या रात्रीच कळलं मला. बायकोला कळत नाही होय? कुशीला वळला नि झोपला. घोरला नाही. वीस वर्षं माणूस बोटीच्या इंजिनासारखा घोरत होता."

"आणि तू गप्प बसलीस."

"काय विचारू? तूच सांग. 'कुठं होतास' विचारू?" तिनं लसणीचा सुरा खाली ठेवला. "त्यानं मला विचारलं, नेवा, तू दमलीस का. ग्लेनिस, मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. तुझ्या भावानं तर नाहीच. मी रडले. त्यानंतर मी ठरवलं, आता आपण काही विचारायचं नाही."

"पण रॉस..."

"रॉस बाहेर बसलाय," ती म्हणाली. "आण जा ती शेवंडं."

पुढचा तास आम्ही फक्त स्वयंपाकापुरतं बोललो. गारठून निश्चल झालेली शेवंडं नेवेन्कानं उभी चिरली, डोक्यापासून शेपटीपर्यंत एका दाबात. कवचाची बाजू खाली करून तेलात लावली. गुलाबीचं लाल झालं. लसूण, टोमॅटो, वाइन, अजमोदा, शेवटी पावाचा चुरा, रस दाट व्हावा म्हणून. झाकण. मग तिनं पातेल्याचे कान धरून ते असं हलवलं की आतलं सगळं एकदाच फिरलं. वास इतका चांगला होता की मला भूक लागली, आणि भूक लागली याची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी. मागच्या दाराच्या जाळीपलीकडे रॉस उभा होता. तो वासाकडे तोंड करून उभा होता, डोळे मिटलेले.

बारा वाजता व्हरांड्यात पानं मांडली. ऊन चाळीसला पोचलेलं, माश्या, दूरवर कुणाच्या तरी रेडिओवर बर्फाची गाणी. टेबलावर मधोमध बुझाराचं पातेलं, बाजूला भाजी, कापलेला आंबा, लोणच्यातले छोटे कांदे, डब्यातलं बीट, आणि अखेर माझं सॅलडसुद्धा. दोघांनी दोन टोकं ओढून फोडायच्या नाताळच्या पुड्यांतल्या कागदी टोप्या आम्ही घातल्या, कारण नाताळला त्या घालतात. रॉसच्या वाट्याला जांभळी आली. ती त्याला शोभत होती.

आता हे सांगायला हवं की रॉस शेवंड खात नसे. इथला कुठलाच जुना बोटवाला खात नाही. दिवसभर ज्यांच्यात हात घालायचा ते परत ताटात कशाला, म्हणून नाताळला नेवेन्का त्याच्यापुरता मांसाचा तुकडा भाजायची, आणि तो सॉसच्या बाटलीसकट जेवायचा. यंदा तिनं मांस भाजलं नव्हतं.

त्यानं अर्धं शेवंड वाढून घेतलं. मांस संपवलं. मग पाय घेतले आणि ते कवचासकट चावायला सुरुवात केली. सावकाश, आवडीनं. त्या शांत दुपारी तो आवाज व्हरांड्यात भरून राहिला. पाय संपल्यावर त्यानं पाठीचं कवच मोडून तोंडात घातलं. कात टाकल्यावर शेवंड पहिल्यांदा काय खातं, तर आपलंच जुनं कवच. नवं घट्ट व्हायला चुना लागतो. हेही मी शिकवलेलं आहे. परीक्षेत दोन मार्कांना यायचं.

नेवेन्का उठली, आतला रेडिओ मोठा करून आली आणि परत बसली.

"ग्लेनिसचं सॅलड घे की," ती त्याला म्हणाली.

"घेतो," तो म्हणाला. "गोड आहे. छान आहे."

रॉस या सॅलडला वॉलपेपरची खळ म्हणायचा. दर वर्षी. आणि दोनदा वाढून घ्यायचा. मला अचानक माझ्या खऱ्या, उद्धट, घोरणाऱ्या भावाची इतकी आठवण आली की हातातला काटा ठेवावा लागला.

"रॉस," मी म्हणाले. "कुठं होतास तू?"

नेवेन्कानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी भर टेबलावर कपडे काढले. त्या घरात, त्या गावात, माझ्या आठवणीत तरी हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नव्हता.

त्याला मात्र काही वाटलं नाही. उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. टोपी जरा वर सरकवून तो सांगू लागला, आणि त्याच्या सांगण्यानं मला घाम सुटला, कारण कुठलाही बोटवाला, दारूच्या नशेत असो की शुद्ध हरपत असो, असं सांगत नाही. त्यानं सगळं सांगितलं. दीपस्तंभ कुठल्या खांद्यावर ठेवायचा, रेतीचा डोंगर कशाच्या रेषेत आणायचा, कुठं इंजिन मंद करायचं. "चाळीस वाव खोल पाणी. खाली खडकाची कपार आहे, पश्चिमेला तोंड. तिथंच होतो मी. आधीपासून."

"आणि रॉस?"

"तिथंच आहे. दोर पायाला गुरफटला त्याचा. सापळ्याबरोबर खाली आला." तो सांभाळून बोलत होता, मला लागू नये अशा बेतानं. "एकटा नाहीये तो. आम्ही खूपजण होतो. जाता जाता थांबलो."

नेवेन्कानं डोळे मिटले होते.

"मग तू का आलास?" मी विचारलं.

"त्याच्या मनात सारखं तेच होतं. घरी जायला हवं, कुणीतरी घरी जायला हवं. नेवा एकटी आहे, गॅसची नळी बदलायचीय, ग्लेनला फोन करायचा राहिलाय. फार मोठ्यानं चाललं होतं त्याचं. मग थांबलं." त्यानं खांदे उडवले. "बाकीचे पुढे गेले. मला वाटलं, आपण जावं."

मी माझ्या ताटाकडे बघितलं. "ही शेवंडं..."

"तिथली नाहीत," तो लगेच म्हणाला. "तिथल्यांना मी लांब जायला सांगितलंय."

त्यानं ताटातला कवचाचा शेवटचा तुकडा संपवला. मग त्यानं विचारलं, "वर आणू का त्याला? दोराला वर तरंगणारा बोया आहे अजून. यंत्रानं सहज येईल."

आता नेवेन्का माझ्याकडे बघत होती. रॉसला वर आणलं की पोलीस, डॉक्टर, पेटी, चर्च. आणि मग ओसरीवर स्टुलावर बसलेल्याला कुठलं नाव देणार? एका गावात दोन रॉस चालत नाहीत. एकाला पुरलं की दुसऱ्याला जावं लागणार.

"उद्या," मी म्हणाले. "आधी मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. नेवेन्का धक्क्यावर आली नाही. पण उरलेला बुझारा पावात भरून तिनं डबा दिला होता, आणि डब्यावर झाकण घट्ट बसत नाही म्हणून दोरी बांधली होती. समुद्र तेलासारखा पडून होता. दीपस्तंभ त्यानं डाव्या खांद्यावर घेतला, डोंगर रेषेत आणला, इंजिन मंद केलं. नारिंगी बोया तिथं होता. रॉसचाच रंग, वर त्यानंच रंगवलेला ओबडधोबड नंबर.

त्यानं आकड्यानं दोर ओढून घेतला आणि चाकावर दोन वेढे टाकले. दोर ताणला गेला. बोट त्या बाजूला किंचित कलली, खाली कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.

"कसा दिसतो तो?" मी विचारलं.

त्यानं विचार केला. "हळूहळू कमी होतोय," तो म्हणाला. "दुखत नाही त्याला."

त्याचा डावा हात यंत्राच्या दांड्यावर होता. त्या हाताला पाच बोटं होती, आज सगळी जवळजवळ सारखी. तो माझ्याकडे बघत थांबला होता. घाई नाही, आग्रह नाही. मी जे सांगेन ते तो करणार होता. आणि सांगितलं तर आपल्याला कुठं जावं लागेल, हेही त्याला माहीत होतं, असं मला त्याच्या तोंडावरून वाटलं.

मी काठावर वाकले. पाणी निळं, मग गडद, मग काहीच नाही. "गाढवा," मी त्या पाण्याला म्हणाले, "दोर पायाशी पडू द्यायचा नाही, हे तुला बाबांनी किती वेळा सांगितलं होतं. किती वेळा. आणि फोन करायचा होता तर आदल्या दिवशी करायचास. मी घरीच होते." आणखीही पुष्कळ बोलले. सगळं रागाचं होतं. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते असंच.

मग मी सरळ झाले. "सोड," मी म्हणाले. "राहू दे त्याला."

त्यानं वेढे एकेक करून उलगडले. दोर सुटला तसा हातातून सोडत गेला, झटका बसू न देता. शेवटी बोया कापून घेतला, आणि दोराचं टोक पाण्यात शिरून दिसेनासं झालं. मी बर्फाच्या पेटीवर बसले आणि महिनाभर राहून गेलेलं रडणं रडू लागले. नाक गळत होतं, खांदे हलत होते, काही शोभा नव्हती.

तो बराच वेळ माझ्यासमोर उभा राहून बघत होता. मग त्यानं तोंड वाकडं केलं. खांदे हलवून बघितले. माझ्या तोंडावरची नजर न काढता, माझ्यामागून अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, तोही रडू लागला. आधी जमत नव्हतं. मग जमायला लागलं.